मेंढ्याच्या घंटेची डाय

मी शिकवायला लागले तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. कवठे येमाईच्या पुढे, कुकडी नदीकडे जाणाऱ्या रस्त्याला, पत्र्याच्या एका लांब शेडमध्ये लहानशी तंत्रशाळा चालायची. दहावीनंतर पुढे न गेलेली आसपासची मुलं तिथे वेल्डिंग, फिटिंग आणि पत्र्याचं काम शिकत. त्याआधी मी पुण्यात एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ड्रॉइंग काढत होते. दिवसभर कागदावर पंच आणि डाय, म्हणजे पत्रा कापायचे, दाबायचे पोलादी ठसे आणि साचे, काढायचे आणि तयार झालेलं टूल हातात घ्यायलाही मिळायचं नाही. शाळेत जागा निघाल्याचं कळलं तेव्हा मी फार विचार केला नाही. माझे वडील दौंडला रेल्वेत फिटर होते, नुकतेच निवृत्त झाले होते. मुलीनं वर्कशॉपात जायचं म्हणून आमच्या घरात कोणाला नवल वाटलं नाही. आठवडाभर गावात राहायचं आणि शनिवारी शिरूर, न्हावरे करत एसटीनं दौंडला यायचं, असं ठरलं.

राहायला खोली मिळाली ती शाळेला लागूनच, एका धनगर कुटुंबाच्या घरात. घरात दोनच माणसं. थोरला भाऊ, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, आणि त्यांच्या धाकट्या भावाची बायको. तिला मी मावशी म्हणायला लागले. आबांची बायको वारली होती, मुलगी लग्न होऊन गेली होती. एके काळी त्यांची मेंढरं होती, आता थोडा कांदा आणि बाजरी. मावशींच्या कपाळावर ठसठशीत कुंकू असायचं, पण नवरा कधी दिसला नाही. शाळेचे प्रमुख, आमचे सर, यांनी मला पहिल्याच आठवड्यात बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांचा नवरा वीसेक वर्षांपूर्वी मेंढरं रानात टाकून मुंबईला पळाला, असं गाव म्हणतं. तुम्ही तो विषय काढू नका." मी काढला नाही.

शाळेत एक फ्लाय प्रेस होता. वर आडवा दांडा, दांड्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी गोळे, आणि मधोमध जाडजूड स्क्रू. दांडा गरकन फिरवला की स्क्रू खाली येऊन पत्र्यावर आदळतो. त्याला वीज लागत नाही. लोडशेडिंगमध्ये लेथ, ड्रिल, ग्राइंडर सगळे गप्प झाले की शेडमध्ये फक्त तोच चालू शकायचा. पण त्याला टूलच नव्हतं. मुलं पुस्तकातली पंच-डायची आकृती पाठ करायची आणि प्रत्यक्षात पत्रा छिन्नीनं कापायची.

सर म्हणाले, "तुम्ही टूलरूममधून आलात. एक प्रेस टूल करा. पण निव्वळ सरावासाठी पत्रा वाया जायला नको. गावात चालेल असं काहीतरी निघू दे त्यातून."

मी बिजागरीचा विचार केला, मग नरसाळ्याचा. बिजागरी बाजारात मिळतच होती आणि नरसाळं आमच्या प्रेसला झेपणारं नव्हतं. असे काही दिवस गेले. एका दुपारी मी जेवायला घरी आले तेव्हा सोप्यातल्या खुंटीवरच्या वस्तूकडे पहिल्यांदा नीट लक्ष गेलं. ती मेंढ्याच्या गळ्यातली घंटा होती. मुठीएवढी, लोखंडी पत्र्याची, ठोकून दुमडून बनवलेली, वर निमुळती आणि खाली रुंद, दोन्ही कडांना रिवेट. आतल्या लोलकाला चिंधी गुंडाळली होती आणि ती चिंधी सुतळीनं घट्ट आवळलेली होती.

आसपास अजून कितीतरी घरांत मेंढरं होती. त्या पट्ट्यातून कळप जायचे, यायचे. घंटा चालली असती. शिवाय तिच्यात मुलांना शिकवायला सगळं होतं. सपाट पत्र्यातून आकार कापायचा, मग तो दाबून अर्धं कवच करायचं, दोन कवचं जोडून रिवेट मारायचे.

मी आबांना विचारलं, "आबा, ही घंटा मी दोन दिवस नेऊ का? मापं घ्यायची आहेत."

आबा कांद्याची रोपं मोकळी करत बसले होते. आत चुलीपाशी मावशींच्या हातातली भाकरी थापायची थांबली, तेवढं मला ऐकू आलं.

"न्या," आबा म्हणाले. "फकस्त तिची जीभ सोडू नगा."

"नाही सोडणार."

"माप घ्या आन् व्हती तितंच आणून लावा."

मी तसंच केलं. चिंधीला हात लावला नाही. कॅलिपरनं रुंदी, उंची, खोली घेतली. कोपऱ्यांचे वळसे, म्हणजे त्यांची गोलाई, काढायला पुठ्ठ्याचे तुकडे कातरून लावून बघितले. एका खांद्यापाशी, म्हणजे घंटेचा माथा जिथे उतरायला लागतो तिथे, केसासारखी बारीक चीर होती. ती मला दिसली होती, पण जुन्या पत्र्याला चीर असायचीच. मी आकार घेतला आणि घंटा परत खुंटीवर लावली.

पुढचे दोन महिने माझे फार आनंदात गेले. ते मला अजून लख्ख आठवतात. दोन टूलं करायची होती. पहिलं कापायचं. पंच आणि डायमध्ये पत्र्याच्या जाडीच्या साधारण विसाव्या हिश्शाएवढी फट ठेवायची, नाहीतर कडेला बर येते, म्हणजे धारदार कूस उरते, आणि बोट कापतं. हाताच्या प्रेसला एवढा घेर एका दणक्यात कापणं जड गेलं असतं, म्हणून डायचा माथा किंचित उतरता ठेवला. त्यानं पत्रा कात्रीत कापल्यासारखा एका बाजूनं कापत जातो. दुसरं टूल आकार द्यायचं. डायमध्ये घंटेच्या अर्ध्या पोटाची खोबण आणि वरून तिच्यात उतरणारा पंच. पंचाच्या कडेचा वळसा मी जुन्या घंटेचाच ठेवला. मुलांना मी ड्रॉइंग फळ्यावर खऱ्या मापात काढून दाखवलं. त्यांनी डायची खोबण कानशीनं घासली, कुठे अडतंय ते कळायला निळा रंग लावून पंच बसवून पाहिला, पुन्हा घासली. त्यांना ते काम इतकं आवडलं की जेवायच्या सुट्टीत शेडमधून हाकलावं लागायचं.

कडक करायला दोन्ही डाय मी दौंडला नेल्या. वडिलांच्या ओळखीचा एकजण स्टेशनच्या पलीकडे भट्टी चालवायचा. तापवून तेलात बुडवून काढलेली काळी डाय वडिलांनी घरी आणली आणि ओट्यावर उताणी ठेवली. माझी आई बाहेर आली, तिनं त्या खोबणीकडे बघितलं आणि जवळचं फडकं उचलून तिच्यावर टाकलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. आतलं फार काळं दिसतंय," ती म्हणाली आणि आत गेली.

वडील हसले. पण नंतर तेच म्हणाले, "हिचा आकार कुठून घेतलास?"

"एका जुन्या घंटेचा आहे."

"मेंढ्याची?"

"हो. का?"

"सहज." त्यांनी फडक्यासकट डाय पिशवीत भरली. रेल्वेच्या रुळांवर माणसं गेलेली बघितलेला तो माणूस होता. कुठल्याही गोष्टीवर एका वाक्यापेक्षा जास्त बोलायची त्यांना सवय नव्हती. त्या दिवशी मात्र एसटीत बसवून देताना ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "काम झालं की ती डाय झाकून ठेवत जा." धूळ बसू नये म्हणून सांगत असतील, असं मी धरलं.

दसऱ्याच्या आधी टूल प्रेसवर चढलं. त्या दुपारी वीज गेली होती. शेडमध्ये एकही यंत्र चालू नव्हतं आणि बाहेर वारा पडला होता. एका मुलानं दांडा फिरवला, पत्र्यातून आकार सुटून खाली पडला. मग टूल बदललं, दुसऱ्यानं तो दुसऱ्या डायवर ठेवला, दाबला. कवच सुबक निघालं. आम्ही दोन कवचं जोडली, रिवेट मारले, आत जाड तारेला बोल्ट अडकवून लोलक केला. मी घंटा उचलून हलवली.

आवाज मधुर नव्हता. खर्र असा फुटका आवाज होता, पण लांब जाणारा. मुलांचे चेहरे जरा पडले. मी पुन्हा हलवली, तसाच. मला वाटलं, रिवेट ढिला असेल.

तेव्हा खिडकीतून मला मावशी दिसल्या. शेडच्या मागे त्यांचं कांद्याचं वावर होतं आणि त्या वाकून खुरपत होत्या. आवाजाबरोबर त्या उभ्या राहिल्या. खुरपं हातात, पदर अर्धा खांद्यावरून घसरलेला. माणूस आवाज आला त्या दिशेला बघतो. मावशींची आमच्याकडे पाठ होती. त्या रस्त्याच्या खालच्या अंगाला बघत होत्या, जिथून गावात येणारी वाट वर चढते. मी घंटा खाली ठेवली तरी त्या तशाच उभ्या होत्या, एखादा येणारा दिसावा म्हणून वाट बघत असल्यासारख्या. बऱ्याच वेळानं त्यांनी पदर सारखा केला आणि खाली बसल्या.

थोड्या वेळात आबा शेडच्या दारात आले. ते शाळेत कधी येत नसत. मी त्यांना बसायला स्टूल दिलं. ते बसले नाहीत.

"परत वाजवा," ते म्हणाले.

मी वाजवली.

"ह्यो आवाज कुठनं आला?"

"आकार तोच आहे ना आबा, म्हणून तुमच्या घंटेसारखा येत असेल."

"आमच्या घंटीचा आवाज आसा न्हवता. लय ग्वाड व्हता. पार नदीपल्याड ऐकू यायचा." त्यांनी माझ्या हातातून घंटा घेतली, उलटीसुलटी केली. त्यांचं बोट खांद्यापाशी जाऊन थांबलं. "ह्याला चीर न्हाई."

"नाही. नवीन पत्रा आहे."

"मंग ह्यो चीर पडल्याला आवाज कसा?"

मग आबांनीच सांगितलं, मुलं आजूबाजूला उभी असताना, संथपणे, जणू दुसऱ्याच कोणाचं सांगतायत. पावसाळ्याच्या तोंडाला त्यांचा धाकटा भाऊ सकाळी मेंढरं घेऊन नदीकडे गेला. दुपार टळल्यावर सगळा कळप खालच्या वाटेनं आपसूक घरी आला. पुढे घंटेचा मेंढा, मागे मेंढरं, माणूस नाही. वरच्या भागात पाऊस झाल्यामुळे नदीला त्या दिवशी अचानक पाणी चढलं होतं. त्यांनी खालच्या उताराशी, जिथून माणसं नदी ओलांडत, तिथे चार दिवस शोधलं. काही मिळालं नाही. मग कोणीतरी म्हणालं की त्याला मुंबईच्या गाडीत बसलेला पाहिलं, आणि गावानं ते धरून ठेवलं.

"मेंढा आला तवा घंटीला चीर पडल्याली व्हती," आबा म्हणाले. "सकाळी न्हवती. त्येच्या गळ्यात वाजत आली ती आशीच. खर्र, खर्र. आमच्या आईला त्यो आवाज सोसंना, तवा तिनं जीभ बांधली. त्येच्यानंतर त्यो आवाज आज ऐकला."

ते गेल्यावर मी मुलांना लवकर सोडलं. मला जे येत होतं ते मी केलं. घंटेच्या दोन्ही कवचांवर रॉकेल चोळलं, पुसून कोरडं केलं आणि वरून खडूची पूड फासली. पत्र्याला डोळ्यांना न दिसणारी चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल खडूवर ओलं उमटतं. थोड्या वेळानं दोन्ही कवचांच्या खांद्यावर बारीक काळी रेघ वर आली. मी आणखी एक नवं कवच दाबून पाहिलं, मग आणखी एक. प्रत्येकाला रेघ होती. लांबी कमीजास्त, जागा तीच. सोप्यातली जुनी घंटा आणून शेजारी ठेवली तर तिचीही तिथेच.

याचं कारण मला माहीत होतं. पंचाच्या कडेचा वळसा तिथे फार तीक्ष्ण होता, पत्रा ताणून फाटत होता. मी जुना वळसा उतरवला, त्याबरोबर जुन्या घंटेचा कमजोर कोपराही उतरला. संध्याकाळच्या चहाला मी हे आबांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तसंच आसंल," ते म्हणाले.

मावशी उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "पोरी, ती उद्याबी वाजवशील का?"

"नको असेल तर नाही वाजवणार, मावशी."

"वाजव," त्या म्हणाल्या. "म्या कुटं नगं म्हणते."

सरांना मी वळसा घासून मोठा करते म्हटलं. ते म्हणाले, दिवाळीच्या सुट्टीनंतर करा, तोवर मुलांचा हात बसू द्या. त्यामुळे शेडमध्ये फुटक्या आवाजाच्या घंटांचा ढीग साठत गेला. मुलं येताजाता त्या वाजवायची. आणि मी पाहत होते की दर वेळी मागच्या वावरात, अंगणात, विहिरीवर, जिथे असतील तिथे मावशी हातातलं काम थांबवून खालच्या वाटेकडे बघत. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नसायचं. तेच मला बघवायचं नाही.

दिवाळी झाली की मेंढरांचे मोठे कळप आमच्या रस्त्यानं उतरायला लागत. घोड्यांवर बिऱ्हाडं, कुत्री, मागे बायकापोरं. सुट्टीनंतर शाळा उघडली त्याच आठवड्यात एक कळप दुपारच्या वेळी शेडसमोरून चालला होता. परमुलखातला, आम्ही कधी न पाहिलेला. आत मुलं रिवेट मारून झालेल्या घंटा तपासत होती, चार-पाच एकदम वाजत होत्या. बाहेर खुरांचा चाललेला आवाज थांबला.

आम्ही दारात आलो. सगळा कळप रस्त्यात उभा होता. मेंढरं उभी राहिली तरी तोंड खाली घालून काहीतरी हुंगतात, एकमेकांत घुसतात. यातलं एकही हलत नव्हतं. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला होती, रस्ता सोडून, रानातून, नदीच्या वरच्या अंगाला. कुत्रीही भुंकत नव्हती. मेंढपाळ पुढे जाऊन हाळी देत होता, मागे येऊन काठी आपटत होता.

"काय वाजवताय वो तुमी?" त्यानं मला विचारलं. रागावलेला नव्हता, भ्यालेला होता. "बंद करा जरा."

मुलांनी घंटा खाली ठेवल्या. तरी कळप हलला नाही.

आबा केव्हा आले मला कळलं नाही. ते सरळ शेडमध्ये शिरले, ढिगातली एक घंटा उचलली आणि मेंढपाळाला म्हणाले, "पाव्हणं, तुमची मेंढरं जरा माझ्यामागं येऊ द्या. म्या बी तुमच्यातलाच हाय. काय नुकसान झालं तर माझ्यावर." मेंढपाळानं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. आबा रस्ता उतरून रानात शिरले, घंटा वाजवत. कळप त्यांच्यामागून निघाला. त्यामागे मेंढपाळ, त्यामागे सर, मी आणि मोठी मुलं. मावशी आमच्या शेजारून चालत होत्या. उन्हात एवढी मेंढरं चालतायत आणि एकही ओरडत नाही, असं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

त्या भागातलं नदीचं पात्र म्हणजे सलग काळा कातळ. पाण्यानं आणि पाण्याबरोबर फिरणाऱ्या गोट्यांनी त्याला खोल गोल खळगे पाडलेत, रांजणासारखे, काही माणूस उभा मावेल एवढे. आबांना वाटलं होतं खालच्या उताराशी जायचं. ते तिकडे वळले. पण मेंढरं वळली नाहीत. ती वरच्या बाजूच्या उंच कातळावर गेली, जिथे पूर येतो तेव्हाच पाणी चढतं, आणि गाळानं, गोट्यांनी काठापर्यंत भरलेल्या एका खळग्याभोवती थांबली. आत उतरायला काही नव्हतं, प्यायला पाणी नव्हतं. ती नुसती भोवती उभी राहिली. आबांनी तिथे येऊन घंटा खाली ठेवली तेव्हा पहिलं मेंढरू ओरडलं. मग सगळीच ओरडायला लागली, पांगायला लागली, कुत्री भुंकायला लागली आणि मेंढपाळ त्यांना गोळा करत रस्त्याकडे घेऊन गेला. जाताना तो आबांच्या पाया पडला. त्याला का पडावंसं वाटलं कोणास ठाऊक.

सरांनी दुसऱ्याच दिवशी टूल प्रेसवरून उतरवायला लावलं. मी वाद घातला नाही.

खळगा लगेच उपसता आला नाही. आबा म्हणाले, एवढी वर्षं गेली, उन्हाळ्यापर्यंत थांबू. मला वाटतं त्यांना धीर गोळा करायचा होता. चैत्र संपता संपता गावातली माणसं घमेली, पहारी घेऊन कातळावर गेली. जे पळून गेल्याचं सांगायचे तेही आले होते. गोटे वर येत राहिले, मग वाळू, मग काळा चिकट गाळ. दुपारपर्यंत माणूस छातीएवढा आत गेला. तेव्हा हाडं लागली. आधी निघाली ती मेंढीच्या पिल्लाची होती, लहान कवटीवरून कळलं. त्याच्याखाली काठीच्या टोकाचं लोखंडी टोपण, त्याखाली एक चांदीचं कडं आणि कडं होतं तिथेच माणसाच्या हाताची हाडं. तिथून पुढे उपसणाऱ्यांनी मावशींना बघू दिलं नाही.

त्यापुढचं कोणाला सांगावं लागलं नाही. पिल्लू खळग्यात पडलं, ते काढायला तो उतरला आणि वरून पाणी आलं. मेंढा काठावर किती वेळ उभा होता, घंटा कशावर आपटून फुटली, कळप लांबच्या खालच्या वाटेनं का आला, हे मात्र कोणीच सांगू शकलं नाही. आबा कातळावर खाली बसले आणि गावकऱ्यांकडे बघून एवढंच म्हणाले, "मुंबईला गेला न्हवता त्यो." एकजण उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

दहावं, तेरावं रीतसर झालं. त्यानंतर नात्यातल्या दोन म्हाताऱ्या बायका मावशींपाशी बसल्या, आता कुंकू उतरवायला हवं म्हणून. मी तिथेच होते. मावशींनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं.

"त्यो मला टाकून गेला आसता तर कवाच पुसलं आसतं," त्या म्हणाल्या. "त्यो तर इथंच व्हता."

त्यांनी ते शेवटपर्यंत लावलं. गावात कोणी नाव ठेवलं नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी पंचाचा वळसा घासून मोठा केला, पॉलिश केला आणि रॉकेल-खडूनं प्रत्येक कवच तपासलं. चीर नाहीशी झाली. घंटांचा आवाज स्वच्छ, गोल यायला लागला. मुलांनी त्या पंचक्रोशीत दिल्या. मी त्या शाळेत आणखी काही वर्षं होते, मग दौंडला एका वर्कशॉपात लागले.

त्या वर्षांत एक गोष्ट मला दिसत राहिली. दिवाळीनंतरचे कळप आमच्या रस्त्यानं येत, पण शेड दिसायला लागली की मेंढपाळ त्यांना रस्त्याखाली उतरवत आणि रानातून लांबचा वळसा घालून पुढे नेत. हे दरवर्षीचे, वेगवेगळ्या मुलखांतले कळप होते. एकदा मी मुद्दाम बांधावर जाऊन एका म्हाताऱ्या मेंढपाळाला विचारलं, रस्ता मोकळा असताना एवढा फेरा कशाला.

तो थांबला. त्यानं शेडकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आमी न्हाई जात, बाई," तो म्हणाला. "मेंढरंच जात्यात. आमी त्येंच्या मागं."

आणि तो कळपामागे निघून गेला.